कामाचा पैसा, घरचा पैसा

पहिल्यांदा माझ्या मेहनतान्यातून दहा टक्के कापून आले तेव्हा मला वाटलं, ही एजन्सीची दलाली असेल. दहा हजारांचं काम केलं, खात्यात नऊ हजार जमा झाले. विचारायचं कुणाला, आणि विचारलं तर पुढचं काम मिळेल का, या धाकाने गप्प बसले.

मी मिरजेत राहते आणि घरी बसून अनुवाद करते. इंग्रजी आणि उर्दूतून मराठी. औषधांच्या डब्यातले माहितीचे कागद, विम्याचे अर्ज, मोबाईल अ‍ॅपवरच्या सूचना, अधूनमधून एखादं पुस्तक. शब्दावर पैसे मिळतात. २०२१ मध्ये सुरुवात केली तेव्हा मुलं शाळेत गेल्यावर दोन-तीन तास मिळायचे, तेवढंच काम. पहिल्या दोन वर्षांत मिळून १९,००० रुपये असे कापले गेले. ती दलाली नव्हती. तो टीडीएस होता, म्हणजे माझ्या नावाने, माझ्या पॅन नंबरवर सरकारात आगाऊ भरलेला कर. माझी मिळकत तेव्हा इतकी कमी होती की कर लागतच नव्हता, सगळे पैसे परत मिळाले असते. फक्त विवरणपत्र भरायला हवं होतं. हे कळेपर्यंत दोन्ही वर्षांची मुदत उलटून गेली होती. उशीर माफ करावा म्हणून अर्ज करता येतो असं नंतर समजलं, पण तो मी केला नाही. तेव्हा घरात वेगळीच धावपळ होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कुपवाड एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून येताना यांचा अपघात झाला. पायात रॉड बसला. नोकरी कंत्राटावरची, ती गेली. घरात आम्ही दोघं, तीन मुलं, अब्बा आणि अम्मी. मी मिळेल ते काम घ्यायला लागले. फजरनंतर मुलं उठेपर्यंत, मुलं शाळेत गेल्यावर, आणि इशानंतर पुन्हा. दोन एजन्स्या, तीन प्रकाशक. मार्च २०२४ संपल्यावर पासबुकं आणि बिलं घेऊन बसले आणि बेरीज केली तेव्हा वर्षाची जमा निघाली ८,१०,००० रुपये. आकडा वाचून कुणाला हेवा वाटला तर सांगते, त्यातलं वर्षअखेरीस खात्यावर जे उरलं होतं त्यात एक महिन्याचा किराणाही नीट आला नसता. दवाखान्यासाठी नातेवाइकांकडून उसने घेतलेले फेडण्यातच बरेच गेले. आणि ७६,००० रुपये टीडीएसमध्ये कापले गेले होते. या वेळी ते सोडायचे नाहीत असं ठरवून जूनमध्ये मी बाहेर पडले.

गावातल्या एका टॅक्सवाल्यांनी पाच मिनिटांत काम संपवलं. म्हणाले, “कलम ४४एडीए. अर्धी जमा खर्च म्हणून धरायची, बिलं दाखवायची गरज नाही, कर शून्य, सगळा टीडीएस परत.” मी खूश. पण माझी खालेरी बहीण हिशेबाच्या कामात आहे, तिने सांगलीतल्या एका सीए बाईंकडे जायलाच लावलं.

त्या वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं स्पष्ट. म्हणाल्या, “आपा, कलम खरं आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही.” वकील, डॉक्टर, इंजिनिअर, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, घराची अंतर्गत सजावट करणारे, शिवाय सिनेमातले कलाकार, माहिती तंत्रज्ञानातले लोक, कंपनी सेक्रेटरी, अशी त्याची ठरलेली यादी आहे. त्यात अनुवादक नाही. “कुणी टाकून देतात, मी टाकणार नाही. तुमचा खरा खर्च काढू या. खर्च किती झाला?”

मी म्हटलं, “खर्च कसला? घरीच बसून करते.”

हे मी किती सहज बोलले! आपल्या बायकांना ही सवयच आहे. शिवणकाम करणारी, मेंदी काढणारी, शिकवण्या घेणारी, कुणालाही विचारा, ती हेच सांगेल. दोरा, वीज, रिक्षा, मुलांच्या खोलीचा कोपरा, सगळं घरखर्चात मुरून जातं आणि हातात आलेला प्रत्येक रुपया नफा वाटतो.

मग मी त्यांच्यासमोर बसून यादी केली. कागद, शाई, कुरिअर ३,७००. शब्दकोश आणि पुस्तकं ४,३००. अनुवादाच्या सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी ५,२००. कामासाठी पुण्याच्या दोन खेपा १,९००. बेरीज १५,१००. बाईंनी वाचली आणि विचारलं, “टाइप कशावर करता?”

लॅपटॉप मे २०२३ मध्ये घेतला होता, ५८,००० रुपयांना. तो खर्चात धरतात हेच मला माहीत नव्हतं. पण तो एका वर्षात सगळा धरत नाहीत. अनेक वर्षं चालणारी वस्तू दरवर्षी थोडी थोडी झिजते असं मानून तेवढा घसारा वजा करतात. संगणकाला ४० टक्के, म्हणजे माझे २३,२००. पुढच्या वर्षी उरलेल्या ३४,८०० वर पुन्हा ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर पहिल्या वर्षी निम्माच दर मिळतो, माझा लॅपटॉप तसा नव्हता. ९,००० च्या प्रिंटरलाही तोच दर, ३,६००. खुर्ची फर्निचरमध्ये, तिला दहाच टक्के, ६,००० वर ६०० रुपये. त्या खुर्चीवर माझी पाठ मोडली ते मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

“आणि एवढं काम तुम्ही एकटीने केलंत?”

एकटीने नव्हतं केलं. शेजारची बारावी झालेली मुलगी दहा महिने रोज दुपारी यायची. टायपिंग करायची, छापील प्रत तपासायची. तिला मी महिन्याला चार हजार द्यायचे. पहिल्या महिन्यात रोख द्यायला गेले तर तिच्या आईने सांगितलं, थांबा, हिचं खातं उघडते. मग दर महिन्याला खात्यावरच गेले. मला यादी करताना ही मुलगी आठवलीच नाही, कारण माझ्या मनात ती मदत होती. गरजू घर आहे, चार पैसे जातात, अल्लाह राजी होईल, असं मी धरून चालले होते. सीए बाई म्हणाल्या, “ती मदत नाही, पगार आहे. ती आली नसती तर तुमचं निम्मं काम झालं नसतं.” मला थोडी लाज वाटली. मुलगी रोज तीन तास मान खाली घालून राबायची आणि मी मनात तिच्यावर उपकार मांडत होते. ४०,००० रुपये, यादीतला सगळ्यात मोठा आकडा तोच.

घर आणि काम जिथे एकत्र आहे तिथे खरी कसोटी लागली. कायद्याचं म्हणणं साधं आहे. संपूर्णपणे कामासाठी झालेला खर्च वजा होतो, स्वतःचा किंवा घरचा होत नाही, आणि दोन्हीसाठी मिळून असेल तर कामाचा वाजवी वाटा काढायचा. वाजवी म्हणजे किती, ते आपणच ठरवायचं आणि उद्या कुणी विचारलं तर समजावून सांगता आलं पाहिजे. नेटचं महिन्याचं बिल ९००. मुलं रात्री त्यावर कार्टून बघतात, म्हणून मी तीन चतुर्थांश धरलं, वर्षाचे ८,१००. मोबाईलचं निम्मं, १,८००. विजेचं काय करायचं ते समजेना. धाकट्याने उपाय काढला. आठवडाभर तो वहीत मीटरचे आकडे लिहीत होता, मी कामाला बसताना आणि उठताना. अंदाजे सहावा हिस्सा निघाला. वर्षाच्या २१,६०० मधले ३,६००. ती वही मी अजून ठेवली आहे, तिच्यावर मागे फुलबॉलच्या टीमची यादी आहे, हो, त्याने फुलबॉल असंच लिहिलं आहे.

काही गोष्टी बाईंनी काढून टाकल्या. यांच्या औषधपाण्याचा खर्च कामाचा नाही. माझी स्वतःची मजुरी मला खर्चात लावता येत नाही. चष्म्यासाठी मी हुज्जत घातली, चष्म्याशिवाय मला एक ओळ दिसत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, “पण तो लावून तुम्ही भाजीही निवडता ना?” गप्प बसले.

सगळं मिळून ९६,००० झाले. पंधरा हजारांवरून शहाण्णव हजारांवर, आणि त्यात एक रुपयाही खोटा नाही. मिळकत उरली ७,१४,०००.

इथे त्या वर्षीचा नियम सांगायला हवा. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत मिळकत असेल तर कर शून्य. त्यावर थोडीच गेली असेल तर जेवढी वर गेली तेवढाच कर, जास्त नाही. मी चौदा हजारांनी वर होते. म्हणून कर १४,००० आणि त्यावर चार टक्के उपकर, एकूण १४,५६० रुपये. खर्च दाखवलाच नसता तर हाच कर ३७,४४० झाला असता. म्हणजे जवळजवळ तेवीस हजार वाचले होते. पण घरी आल्यावर कुणाला ते तेवीस हजार दिसले नाहीत. सगळ्यांना दिसले ते चौदा.

माझे जेठ हिशेबाला पक्के. म्हणाले, “चौदा हजारांसाठी अडलंय? खोलीचं भाडं दाखव. घर अब्बांच्या नावावर आहे. महिना बाराशे धर, वर्षाचे चौदा हजार चारशे. अब्बा पावती देतील. कोण बघायला येतंय?” हेही म्हणाले, भावाने आयुष्यात पहिल्यांदा मागायची वेळ आली आहे आणि तू सरकारला वाटत सुटलीस. हे काही बोलले नाहीत, पण त्यांचं गप्प राहणं कुठल्या बाजूचं आहे ते मला कळत होतं. फिजिओथेरपीच्या एका खेपेला तीनशे रुपये लागत होते.

मी पावतीबुक आणलं. रात्री सगळे झोपल्यावर बारा पावत्या लिहिल्या. काही निळ्या पेनाने, काही काळ्या, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारख्या वाटू नयेत. हे लिहिताना आज अंगावर काटा येतो, पण त्या रात्री मला फक्त एवढंच वाटत होतं की ही खोली तर मी खरंच वापरते, बाहेर घेतली असती तर बाराशेत मिळाली असती का? यात खोटं ते काय?

दुसऱ्या दिवशी असरनंतर अब्बा चहा घेत बसले होते. मी पावत्या पुढे केल्या. त्यांनी चष्मा लावला, पहिली पावती वाचली, दुसरी वाचली.

“बेटा, तू मला भाडं देतेस?”

“नाही अब्बा. हे कागदापुरतं आहे.”

त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. मग सही न करता पेन हातात धरून बोलायला लागले. अब्बा एसटीत कंडक्टर होते. ड्यूटीवर निघण्याआधी कंडक्टरला स्वतःच्या खिशातले पैसे सांगावे लागत, ते खासगी रोकड म्हणून लिहून घेतले जात. मग दिवसभराची तिकिटं आणि बॅगेतली रक्कम जुळली पाहिजे, कमी नाही तशी जास्तही नाही. एकदा मिरज-पंढरपूर गाडीवर अम्मीच्या औषधाची वीस रुपयांची नोट लिहायची राहून गेली. कवठेमहांकाळच्या पुढे तपासणी झाली. वीस रुपये जास्त निघाले. लेखी खुलासा द्यावा लागला.

“पैसे माझेच होते,” अब्बा म्हणाले, “चोरलेले नव्हते. पण लिहिलेले नव्हते. आणि तू इथे नसलेले लिहून आणलेस.” एवढं बोलून त्यांनी विचारलं, “करू सही?”

ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी चिडून जेठांना सांगितलं असतं की अब्बा तयार नाहीत. सही केली असती तरी बरं, मग ते त्यांच्यावर गेलं असतं. त्यांनी सगळं माझ्याच हातात ठेवलं. मी पावत्या उचलल्या आणि आत गेले.

दोन दिवस यांनी माझ्याशी धड बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “लोक काय काय करतात. खरेपणाचा खर्च आपणच का सोसायचा?” मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. खोटा खर्च दाखवून मिळकत कमी केली आणि ते उघड झालं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो, हे मी त्यांना सांगितलं. पण खरं सांगायचं तर चौदा हजारांसाठी माझ्या दारात बहुधा कुणी आलं नसतं. जेठांचं म्हणणं त्या अर्थाने चुकीचं नव्हतं.

२० जुलैला विवरणपत्र गेलं. आयटीआर-३, कारण खरा खर्च दाखवायचा तर तोच मोठा फॉर्म भरावा लागतो. ऑगस्टमध्ये खात्यावर ६१,४४० रुपये परत आले, आणि वर १,५३५ रुपये.

हे पंधराशे पस्तीस कसले? सीए बाईंनी सांगितलं की सरकार परताव्यावर व्याज देतं, महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासून मोजून. अम्मीने ते ऐकलं मात्र, म्हणाली, “सूद घरात नको.” हे म्हणाले, आपण कुठे मागितलं होतं, आपलेच पैसे अडकून पडले होते. मौलानासाहेबांना विचारलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती रक्कम सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकली. हे ज्या वॉर्डात होते तिथेच एका पेशंटच्या नातेवाइकांना. त्यानंतर बाईंनी आणखी एक सांगितलं, की ते व्याज पुढच्या वर्षी माझ्या उत्पन्नात दाखवावं लागेल. अम्मी म्हणाली, “देऊन टाकलेलं पण?” देऊन टाकलेलं पण. शिवाय कर भरला म्हणून जकात सुटत नाही, हेही तिने मला त्याच बैठकीत ऐकवलं.

घरून काम करणाऱ्या माझ्या बहिणींसाठी दोन शब्द. वर सांगितलेले आकडे २०२३-२४ चे आहेत. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत करमुक्तीची रेषा १२ लाखांवर गेली आहे, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकींना करच लागणार नाही. पण टीडीएस कापला गेला असेल तर तो आपोआप परत येत नाही, विवरणपत्र भरावंच लागतं. कुणी किती कापलं ते आयकराच्या पोर्टलवर २६एएसमध्ये दिसतं. व्यावसायिक कामावर एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ३०,००० च्या वर गेलं की कापत, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुना कागद दाखवून कुणी सल्ला देत असेल तर विचारून घ्या. आणि नव्या प्रणालीत वजावटी नाहीत म्हणून कामाचा खर्चही चालत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विम्याच्या हप्त्यांची वजावट गेली, पण कामाचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो. मी बिलं मुलीच्या अकीक्याच्या मिठाईच्या डब्यात ठेवते, वर्षाचा एक लिफाफा. सहा-सात वर्षं तरी टाकायची नाहीत, असं बाईंनी बजावलं आहे. पगार, वर्गणी, मोठी खरेदी शक्यतो खात्यावरूनच करते.

एप्रिलपासून मी अब्बांना खोलीचं भाडं द्यायला लागले. खरोखर, महिना बाराशे, माझ्या खात्यावरून त्यांच्या खात्यावर. बाई म्हणाल्या, दिलेलं असेल तर चालतं, फक्त ते अब्बांच्या मिळकतीत दिसलं पाहिजे. अब्बांनी आधी खूप नाही-नाही केलं. आता मात्र एक तारखेला नाश्ता झाला की स्वतःच पावतीबुक आणून बसतात. तेच बुक, मी लिहिलेल्या बारा पावत्या फाडून टाकल्यावर उरलेलं. परवा मला यायला उशीर झाला तर अम्मीकडे निरोप ठेवून गेले, भाडेकरणीला सांग, या महिन्याचं अजून आलेलं नाही.